सावड : तळेघर परिसरातील श्रमांची उसनवारी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर आहे. या डोंगरपट्ट्यात आणि लगतच्या जुन्नर तालुक्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून भात हे तेथील मुख्य पीक आहे. भाताची आवणी, म्हणजे राबावर वाढवलेली रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावण्याचे काम, पावसाने नेमून दिलेल्या थोड्या दिवसांतच उरकावे लागते, आणि एका घरातील चार माणसांच्या हातून ते वेळेत होत नाही. या अडचणीतून 'सावड' रूढ झाली. आज पाच घरांनी मिळून एकाचे खाचर लावायचे, उद्या दुसऱ्याचे, आणि ज्याने एक दिवस घेतला त्याने तो एका दिवसानेच फेडायचा, असा तिचा साधा नियम आहे. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन गुडघाभर चिखलात वाकलेल्या स्त्रियांच्या रांगेत मालकीण कोणती आणि सावडीला आलेली कोणती, हे बांधावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला ओळखता येत नाही.

'इर्जिक' ही सावडीची सख्खी बहीण, पण तिचा हिशेब वेगळा असतो. एखाद्याचे मोठे काम अडले की शेजारीपाजारी आपापली अवजारे, बैल घेऊन येतात आणि त्या दिवशी घरधनी सर्वांना जेवू घालतो. सावडीत दिवसाला दिवस मोजला जातो, तर इर्जिकीत जेवणाची पंगत हीच परतफेड मानली जाते.

या परिसराचे खरे वैशिष्ट्य मात्र 'पडकई'त दिसते. पडकई म्हणजे डोंगरउतार फोडून, निघालेल्या दगडांचा बांध रचून आणि त्यामागे माती भरून नवे खाचर तयार करणे. हे काम उन्हाळ्यात होते. पहारीने उचकटलेला मोठा दगड एकट्याला हलत नाही, म्हणून पडकईही गटाने आणि पाळीपाळीने करण्याची पद्धत पडली. डिंभे धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या, कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या जुन्या पद्धतीला नवे बळ दिले, हे तिचे मोठेच कार्य म्हटले पाहिजे.

शहरांतील बंधुसंघांशी या रूढीची तुलना उद्बोधक ठरते. फ्रीमेसनांचे लॉज, म्हणजे शपथ घेऊन सभासद झालेल्या बंधूंची शाखा, परस्परसाहाय्य हे आपले कर्तव्य मानते. मुंबईत १८४३ मध्ये स्थापन झालेल्या 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' या लॉजने या बंधुसंघात भारतीयांनाही स्थान दिले. तेथे प्रवेशविधी असतो, वर्गणी असते, सभासदांची नोंद असते. सावडीत यांतले काहीच नसते, कारण तेथे शेजाऱ्यांना शपथ नव्हे तर जमीनच एकमेकांशी बांधून ठेवते: वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात उतरते आणि शेजाऱ्याचा बांध फुटला तर आपलेही रोप वाहून जाते.

रोख मजुरीमुळे ही वीण सैल झाली आहे. नारायणगावच्या बाजूला बागायती शेतीवर मजुरीला गेलेल्या माणसाला सावडीचा दिवस फेडायला गावी परतणे परवडत नाही, आणि बैलांच्या जागी पॉवर टिलर आला की चिखलणीचे भाडे पैशातच द्यावे लागते. ज्या घरात रोकड नाही पण राबणारे दोन हात आहेत, त्या घराची आवणी मात्र आजही सावडीवाचून वेळेत होणे कठीण आहे.