राहुटींतील संसार आणि घरगुती स्वच्छतेचीं साधनें

कुटुंबासह दोन दिवस राहुटींत राहावयास जाण्याची हौस अलीकडे पुण्यामुंबईकडील घरांतून बरीच वाढली आहे. भंडारदऱ्याचा जलाशय, पवनेच्या धरणाचा कांठ अशा ठिकाणीं हिवाळ्याच्या दिवसांत रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा दिसूं लागतात. राहुटी, पाल, डेरा, कनात हे शब्द मराठीला नवे नाहींत. लष्कराच्या तळावर व धनगरांच्या वाड्यावर ते पिढ्यानुपिढ्या वावरले आहेत. नवें इतकेंच कीं, पोटापाण्यासाठीं ज्यांना पालांत राहावें लागत नाहीं, तीं माणसें आतां केवळ आनंदासाठीं तेथें जातात आणि लेकरांनाहि बरोबर नेतात.

अशा सहलीची तयारी करतांना पहिली अडचण येते ती सामानाची. घरीं मोरींत व स्वयंपाकघरांत बाटल्यांची रांग लागलेली असते. फरशीला एक, कांचेला दुसरी, भांड्यांना तिसरी, शौचकूपाला चौथी. राहुटींत हा सरंजाम नेतां येत नाहीं. मग काय न्यावें, असा प्रश्न ज्या घरांत निघतो, तेथें त्याच्या मागोमाग दुसराहि निघावा: या बाटल्यांपैकीं घरीं तरी किती लागतात? आजीच्या वेळीं राख, रिठा व चिंच एवढ्यावर घर लख्ख राहत असे, तें कसें? आणि आज जो तो लिंबू, सोडा, व्हिनेगर यांच्या मिश्रणाच्या कृती एकमेकांना सांगत असतो, त्यांत खरें किती आणि पोकळ किती?

याचा उलगडा होण्यास मळ म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. मळ एका जातीचा नसतो. तव्यावरचें तेल हा एक मळ, पितळेच्या तांब्यावर चढलेली काळपट झांक हा दुसरा, पाणी तापविण्याच्या बंबांत बसलेला पांढरा थर हा तिसरा, आणि डोळ्यांना न दिसणारे रोगजंतु हे आणखी निराळेच. तेलाला जें द्रव्य जिंकतें, तें पितळेच्या काळेपणापुढें हतबल ठरतें. सर्व मळांवर एकच औषध, असें जो सांगेल त्याच्या बोलण्यावर फारसा विश्वास ठेवूं नये.

तेलकटपणाचा शत्रु अल्क होय. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचें अल्कधर्मी द्रव्य असतें. ओल्या राखेनें तेलकट भांडें घांसलें म्हणजे तेलाच्या थोड्या भागाचा त्या द्रव्याशीं संयोग होऊन हाताखालींच साबणासारखा पदार्थ तयार होतो. शिवाय राखेचे कण बारीक पण खरखरीत असल्यामुळें उरलेला मळ खरवडून निघतो. नारळाचा काथ्या आणि मूठभर राख एवढ्यावर राहुटींतील सर्व भांडीं निघतात, आणि राख तर तेथल्या चुलींतच मिळते. ती लांकडाची असावी. दगडी कोळशाची कामास येत नाहीं. चाळून घेतल्यास उत्तम, नाहींतर एखादा खडा भांड्यावर ओरखडे उठवितो. कल्हई केलेल्या भांड्याच्या आंतल्या बाजूस मात्र राख किंवा वाळू लावूं नये. कथिलाचा तो थर अगदीं पातळ असतो. तो झिजला कीं आंबट पदार्थ कळकतात, आणि कळकलेलें अन्न पोटांत जाणें चांगलें नव्हे.

रिठ्याची गोष्ट याहून मौजेची आहे. या फळाच्या सालींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें व तें पाण्यांत साबणासारखा फेंस करतें. परंतु साबणाहून त्याचा एक विशेष आहे. पुष्कळ विहिरींचें पाणी कठिण असतें, म्हणजे त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यांत साबणाचा फेंस होत नाहीं. उलट पांढरट चिकट साका तयार होऊन कपड्यावर बसतो. रिठ्याला ही बाधा होत नाहीं. त्याचा स्वभावहि सौम्य, म्हणून रेशमी लुगडीं व लोंकरीच्या शाली रिठ्यानें धुण्याची चाल पडली, आणि सोनारहि दागिने उजळण्यास रिठाच वापरीत आले. कृति सोपी आहे. पंधरा-वीस रिठे बिया काढून रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजत घालावे, सकाळीं मंद विस्तवावर पंधरा-वीस मिनिटें उकळावे, निवल्यावर कुसकरून फडक्यानें गाळावे. हें पाणी टिकत नाहीं, लवकरच आंबतें. म्हणून एका वेळीं थोडेंच करावें व सहलीला जातांना वाळलेलीं सालेंच न्यावीं. तें डोळ्यांत गेलें असतां फार झोंबतें, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें.

येथें एक गोष्ट विसरूं नये. वस्तु झाडाची असली म्हणजे ती निरुपद्रवी असते, असा पुष्कळांचा समज आहे. ज्या सॅपोनिनामुळें रिठा कपडा स्वच्छ करतो, तेंच माशांना घातक आहे, आणि सॅपोनिन असलेल्या वनस्पती पाण्यांत टाकून मासे बधिर करून धरण्याची रीत अनेक देशांत होती. तेव्हां रिठ्याचें असो वा साबणाचें, खरकटें पाणी ओढ्यांत किंवा तलावांत सोडूं नये. कांठापासून सुमारें २०० फूट दूर, म्हणजे सत्तर-एक पावलें चालून, मातीवर पसरून टाकावें. भांडीं थेट जलाशयांत बुडवून घांसणें हा तर निव्वळ आळस होय.

तांब्यापितळेच्या काळेपणावर आंबट पदार्थ चालतो. हवेच्या संसर्गानें धातूवर जो ऑक्साइडाचा थर बसतो तो आम्लांत विरघळतो. चिंचेंत टार्टारिक आम्ल असतें, लिंबांत सायट्रिक. कोंकणांतील घरांतून याच कामासाठीं आमसुलें वापरतात. चिमूटभर मीठ बरोबर घेतल्यास काम लवकर होतें. मात्र भांडें लगेच स्वच्छ पाण्यानें धुवून कोरडें पुसावें, नाहींतर दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां मंदावलेलें दिसतें. बंबांतील व किटलींतील पांढरा थर हा बहुतांशीं कॅल्शियम कार्बोनेट असतो. त्यावरहि लिंबू किंवा व्हिनेगर घालून गरम पाणी कांहीं वेळ ठेवल्यास तो सुटतो.

याच गुणांत एक दोष दडलेला आहे. बंबांतील थर ज्या द्रव्याचा बनतो, त्याच द्रव्याची आपली फरशीहि असते. शहाबादी फरशी, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा काळा कडाप्पा आणि संगमरवर हे तिन्ही चुनखडीच्या कुळांतले दगड आहेत. लिंबाची फोड ओट्यावर घटकाभर राहिली तर तेथें जो फिकट चट्टा उठतो, तो मळ नसून झिजलेला दगड असतो. असा चट्टा कितीहि पुसला तरी जात नाहीं. कोणीं कितीहि आग्रहानें सांगितलें तरी या दगडांना व्हिनेगर लावूं नये. रिठ्याचें पाणी किंवा साधा साबण पुरे. ॲल्युमिनियमच्या पातेल्याची तऱ्हा नेमकी उलट आहे. धुण्याच्या सोड्यानें तें काळें पडतें, आणि चिंचेचें किंवा लिंबाच्या सालींचें पाणी त्यांत उकळलें कीं पुन्हां उजळतें.

आतां सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याविषयीं. हें मिश्रण फसफसून वर येतें, आणि तें पाहून पुष्कळांना वाटतें कीं मळाचा चुराडा होत आहे. वस्तुतः फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड वायु. एक अल्कधर्मी व दुसरें आम्लधर्मी अशीं हीं द्रव्यें परस्परांचें बळ मारून टाकतात, आणि मागें उरतें तें सोडियम ॲसिटेट विरघळलेलें पाणी, ज्याची स्वच्छतेची शक्ति साध्या पाण्याहून फारशी अधिक नसते. मोरीच्या तोंडाशीं सैल झालेला गाळ त्या खळबळीनें हलला तर हलला, एवढाच लाभ. दोन्ही वेगवेगळीं वापरावीं: तेलकटास सोडा, क्षारांच्या डागास व्हिनेगर. मोसंबी-लिंबांच्या सालींपासून करावयाच्या आंबवणाचीहि सध्यां मोठी चलती आहे. एक भाग गूळ, तीन भाग सालें, दहा भाग पाणी घेऊन तीन महिने ठेवावयाचें, अशी ती कृति. फुकट जाणारीं सालें कामीं लागतात हें खरेंच, पण तयार होतें तें सौम्य आम्ल. चमत्काराची अपेक्षा करूं नये. आंत वायु धरत असल्यामुळें कांचेची बाटली घट्ट बंद करून ठेवल्यास ती फुटते. प्लास्टिकची बाटली घ्यावी, आणि पहिला महिनाभर रोज झांकण सैल करून वायु जाऊं द्यावा.

रोगजंतूंपुढें लिंबू, सोडा, रिठा यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. हात धुण्यास साबण व वाहतें पाणी पुरेसें आहे. २०२० सालच्या करोनाच्या साथींत तें सर्वांच्या अंगवळणी पडलें. परंतु घरांत उलट्याजुलाबांचा आजारी असेल, तर ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइटाचें पाणी लागतेंच. येथें घरगुती प्रयोगांची हद्द संपते व धोक्याची सुरू होते.

ब्लीचच्या पाण्यांत कोणतेंहि आम्ल पडलें कीं क्लोरीन वायु निघतो. तें आम्ल व्हिनेगराचें असो, लिंबाचें असो, सालींच्या आंबवणाचें असो, कीं शौचकूप धुण्याच्या बाटलींतील हायड्रोक्लोरिक असो, परिणाम एकाच दिशेचा. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममध्यें ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्यानें जो वायु सोडला तो हाच. घरांत निघणारें त्याचें प्रमाण अल्प, पण चार फूट लांबरुंद शौचालयांत, खिडकी बंद असतां, अल्पहि पुष्कळ होतें. हा वायु हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत राहतो. म्हणून वांकून फरशी घांसणारी बाई आणि तिच्यामागें रांगत आलेलें मूल यांना तो आधीं गांठतो. अपघात होण्याची रीत ठरलेली आहे. एका द्रव्यानें डाग जात नाहीं, म्हणून तें न धुतांच वर दुसरें ओतलें जातें. ब्लीच व अमोनिया यांच्या संयोगानेंहि असाच विषारी वायु होतो, आणि कांच पुसण्याच्या कांहीं तयार द्रव्यांत अमोनिया असतो. डोळे व घसा जळजळूं लागतांच काम तेथेंच टाकून मोकळ्या हवेंत यावें. बाटली उचलण्यासाठीं किंवा सांडलेलें पुसण्यासाठीं परत आंत जाऊं नये. खोकला थांबला नाहीं, छातींत आवळल्यासारखें झालें, तर डॉक्टरांकडे जावें, कारण श्वासाचा त्रास कधीं कधीं कांहीं तासांनीं बळावतो. ब्लीच घालावयाचें तें फक्त साध्या थंड पाण्यांत. दुसरी खबरदारी याच जातीची आहे: घरीं केलेलें वा सुटें आणलेलें कोणतेंहि द्रव्य सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरूं नये. मुलाला अक्षर कळत नाहीं, बाटली ओळखीची असते.

राहुटींत ब्लीच नेण्याचें कारणच नाहीं. तेथें धोका असतो तो दुसऱ्या वायूचा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूंत घेऊन दार लावून निजणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि निजलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वींच तो रक्तांतील प्राणवायूची जागा घेतो. विझत आलेले निखारेहि तो सोडतातच. शेगडी, चूल, स्टोव्ह सर्व बाहेर. आंत जादा पांघरूण. तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवाव्या, नाहींतर चौघांच्या श्वासांतील वाफ कापडावर थिजून पहांटे अंथरुणावर ठिबकते, आणि नवशिके तंबू गळतो म्हणून दुकानदाराला दोष देतात.

प्रथमच जाणाऱ्या कुटुंबानें तंबू आधीं गच्चीवर किंवा अंगणांत एकदां उभा करून पाहावा. चौघांचा म्हणून विकला जाणारा तंबू चौघांना खांद्याला खांदा लावून निजण्यापुरताच असतो. बोचकीं ठेवावयाचीं असल्यास थोडा मोठा घ्यावा. जागा उंचवट्याची पाहावी, कोरड्या ओढ्याचें पात्र टाळावें, वाळलेल्या फांद्यांखालीं मुक्काम करूं नये. मेख तिरपी ठोकावी, तिचें डोकें तंबूपासून दूर कललेलें असावें, म्हणजे तणावा ओढला असतां ती उपटत नाहीं. खालचें अंथरण तंबूच्या कडेबाहेर येऊं देऊं नये. पावसाचें पाणी त्यावर सांचून आंत शिरतें. सुती कॅनव्हासची राहुटी असेल तर भिजलेल्या छताला आंतून हात लावूं नये, लावल्या जागीं गळूं लागतें.

परत आल्यावर तंबूची स्वच्छता करतांना मागें सांगितलेला सौम्यपणाच पाळावा. नायलॉनच्या तंबूला आंतून जलरोधक लेप असतो. धुण्याच्या यंत्रांत घातल्यास किंवा तीव्र पावडर वापरल्यास तो सुटतो. मऊ फडकें, थंड पाणी आणि जरूर तर थोडा साधा साबण घेऊन डागापुरतेंच पुसावें. ओला तंबू गुंडाळून ठेवला कीं दोन-चार दिवसांतच त्याला बुरशी धरते व तिचा वास जात नाहीं. म्हणून तो सावलींत, वाऱ्यावर पूर्ण सुकवावा, शिवणींना हात लावून ओल नाहीं ना हें पाहावें, मेखांची माती झाडून त्या मोजाव्या, आणि मगच घडी करावी.