हिंसेचे शब्दसोबती : इंग्रजी, हिंदी व मराठी वृत्तभाषेतील सहचार

शब्दाचा अर्थ कोशात जेवढा सापडतो, तेवढाच तो त्याच्या नित्याच्या संगतीतही सापडतो. या संगतीला इंग्रज भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५१ मध्ये 'कोलोकेशन' ही पारिभाषिक संज्ञा दिली. मराठीत तिला 'शब्दसहचार' म्हणता येते. हिंसेविषयीच्या लेखनात या सहचाराला विशेष महत्त्व येते, कारण कोणते क्रियापद सोबतीला घेतले यावर वाक्यात कर्ता राहणार की नाहीसा होणार, हे पुष्कळदा ठरते. छत्तीसगडमधील संघर्षाच्या वार्ता रायपूरहून हिंदी व इंग्रजीत निघतात आणि सीमेपलीकडच्या गडचिरोलीतील तशाच घटना मराठीत लिहिल्या जातात. त्यामुळे तिन्ही भाषांची तुलना करण्यास हे क्षेत्र सोयीचे आहे.

इंग्रजीत 'व्हायलन्स' हा शब्द कर्त्याच्या स्थानी आला की त्याच्यासोबत 'इरप्ट', 'फ्लेअर अप', 'ब्रेक आउट' ही क्रियापदे येतात. 'इरप्ट' ज्वालामुखीचे, 'फ्लेअर अप' आगीचे, तर 'ब्रेक आउट' साथीच्या रोगाचे. हिंसा नैसर्गिक उत्पाताप्रमाणे आपोआप घडते, असा ग्रह त्यांतून होतो. तोच शब्द कर्माच्या स्थानी आला, म्हणजे 'रिझॉर्ट टु व्हायलन्स' किंवा 'इन्साइट व्हायलन्स' अशी रचना झाली, की माणूस पुन्हा दिसू लागतो. आणि तो बहुधा दोषी असतो. 'कम्युनल', 'एथ्निक', 'डोमेस्टिक' ही विशेषणे हिंसेचे क्षेत्र सांगतात. ती करणारा कोण, हे सांगत नाहीत.

मराठीतील 'हिंसा' नीतिविचारातून आलेली आहे. 'जीवहिंसा', 'अहिंसा' हे तिचे आप्त आणि 'करणे', 'घडणे' ही तिची क्रियापदे. 'हिंसा केली' म्हणताच पापाचा धनी ठरतो. 'हिंसा उसळली' हे मराठी कानाला खटकते. 'हिंसाचार उसळला' मात्र खटकत नाही. इंग्रजी 'व्हायलन्स'चे निसर्गरूपक वृत्तपत्रीय मराठीत पेलले ते 'हिंसाचारा'ने. दंगल पेटते, ती लोण होऊन पसरते. पेटवणारा वाक्याबाहेर राहतो.

शस्त्रांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. मराठीत 'चकमक' झडते किंवा उडते. चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडणारा गारेचा दगड. एकमेकांवर आदळणाऱ्या दोन वस्तूंवाचून ठिणगी पडत नाही. हिंदीतील 'मुठभेड' मुठीला मूठ भिडल्याचे सुचवते. इंग्रजीतील 'एक्स्चेंज ऑफ फायर' गोळ्यांची देवाणघेवाण सांगते. तिन्ही शब्द दोन बाजूंचा सहभाग गृहीत धरतात आणि तो सिद्ध करण्याची गरज वाक्यापुरती संपवतात. लक्षणीय गोष्ट अशी की बोलीने हे गृहीत स्वीकारलेले नाही. लेखी मराठीत माणूस 'चकमकीत ठार होतो'. बोलताना लोक म्हणतात, 'त्याचा एन्काउंटर केला'. अकर्मक क्रियापदाने लपवलेला कर्ता बोलीने परत आणला.

सारकेगुडाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बिजापूर जिल्ह्यातील सारकेगुडा, कोत्तागुडा व राजपेंटा या परिसरात २८ व २९ जून २०१२ दरम्यानच्या रात्री सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मारले गेले. ही माओवाद्यांशी झालेली चकमक होती, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. बीजपंडुम सणाच्या तयारीसाठी आपण जमलो होतो, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या एकसदस्यीय आयोगाचा अहवाल २०१९ मध्ये पुढे आला. जमलेल्या लोकांकडून गोळीबार झाला नव्हता, दलांनी तो बहुधा घबराटीतून केला आणि मृत माओवादी असल्याचा पुरावा नाही, असे निष्कर्ष त्यात होते. भाषेच्या अंगाने पाहता आयोगाने 'चकमक' या शब्दातील दुसरी बाजूच खोडली. त्यासाठी सात वर्षे लागली.

कर्ता लपवणे ही एकाच पक्षाची रीत नव्हे. माओवाद्यांच्या पत्रकांत खून 'जनअदालतीचा निर्णय' होतो आणि मारला जाणारा गावकरी 'मुखबीर' ठरतो. ताडमेटला येथे ६ एप्रिल २०१० रोजी ७६ जवान मारले गेले. तेथेही कोणते मरण कोणत्या शब्दाने सांगायचे, हे आधीच ठरलेले होते. हिंदी मथळ्यांत जवान 'शहीद' होतो, नक्षली 'ढेर' होतो. मराठीत त्याला 'कंठस्नान' घातले जाते. 'सलवा जुडूम' या २००५ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेचे नावही असेच. गोंडीत त्याचा अर्थ शुद्धीसाठीची सामूहिक शिकार असा सांगितला जातो; अधिकृत भाषांतर मात्र 'शांती अभियान' असे रूढ झाले. त्या भाषांतरात शिकार उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ च्या निकालात या संघर्षाचा विचार करताना जोसेफ कॉनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'चा आधार घेतला. नोंदीच्या भाषेत न मावलेले सांगण्यासाठी न्यायालयाला कादंबरीकडे वळावे लागले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.

तौलनिक अभ्यासात आणि अनुवादात सुटा शब्द तोलून भागत नाही. 'व्हायलन्स इरप्टेड'चे 'हिंसाचार उसळला' हे भाषांतर बिनचूक असते आणि तरीही ते मूळ वाक्यातील मौन जसेच्या तसे मराठीत आणते. ते मौन मूळ लेखकाचे की केवळ रूढ सहचाराचे, हे अनुवादकाने आधी तपासले पाहिजे. आणि रूढीचे असेल, तर गोळी कोणी झाडली हा प्रश्न निदान टीपेत तरी उभा केला पाहिजे.