सहलीची सॅक घेताना

सहलीच्या परवानगीचे कागद घरी पोहोचले की मुलांची नव्या सॅकसाठी भुणभुण सुरू होते. यंदा ती सुरू होण्याआधीच पालकांशी दोन शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते. मागच्या वेळी बीदरच्या किल्ल्यात रंगीन महालापर्यंत पोहोचतानाच तिघाचौघांचे खांदे भरून आले होते. पुढे महमूद गवानचा मदरसा पाहायला निघालो तेव्हा त्यांच्या सॅक शिक्षकांच्या पाठीवर होत्या. साडेपाचशे वर्षांपूर्वीची ती देखणी वास्तू या मुलांनी खांदे चोळतच पाहिली.

सॅक थोरल्या भावाच्या नाही तर मुद्दाम मोठ्या घेतलेल्या होत्या. आपण कपडे वाढत्या अंगाचे शिवतो, तशीच सॅकही घेतो. पण सदऱ्याची बाही दुमडता येते, सॅक नाही! मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड हाताला लागते. तेथून कमरेपर्यंतचे अंतर सुतळीने मोजा आणि ती सुतळी घेऊनच दुकानात जा. सॅकचा तळ कमरेखाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबता कामा नये. लोंबती सॅक खांदे मागे ओढते आणि तोल सावरायला मूल पुढे वाकून चालते. पट्टे रुंद व मऊ गादीचे हवेत, आणि दोन्ही खांद्यांवर घ्यायचे. मुलांनो, एकाच खांद्यावर सॅक टाकण्याची ऐट तासाभरातच उतरते.

राज्य सरकारने २०१९ साली दप्तराच्या वजनाची मर्यादा घातली : तिसरी ते पाचवीला २ ते ३ किलो, सहावी ते आठवीला ३ ते ४ किलो. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून ओझे जास्त नको, हे त्यामागचे सूत्र. सहलीलाही आम्ही तेच धरतो. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. त्यात लिटरभर पाण्याचाच एक किलो झाला. सॅक रिकामीच किलोभर असेल तर डबा, स्वेटर, वही यांना मिळून एकच किलो उरतो. म्हणून चाके, दांडी, जाड पुठ्ठा असल्या बडेजावाची सॅक नको. आणि डबा, बाटली अशा जड वस्तू पाठीला लागून ठेवा, बाहेरच्या कप्प्यात नको.

रंग आणि चित्र मुलांनी निवडावे. मोठ्यांनी सॅक उलटी करून पट्टा जोडलेल्या जागची शिवण पाहावी. ती दुहेरी हवी, कारण सॅक आधी तेथेच उसवते. रिकामी सॅक दुकानात सगळ्यांनाच हलकी लागते. घरून चार पुस्तके आणि भरलेली बाटली न्या, तेथेच सॅक भरा आणि मुलाला दहा मिनिटे बाजारातून फिरवून आणा. दुकानदार कुरकुरला तर आमच्या शाळेचे नाव सांगा.