कानदुखीचे बाळ आणि दोन दिवसांची वाट

आमच्या बालरुग्ण विभागातून घरी परतणाऱ्या पालकांची एक तक्रार विश्वस्तांपर्यंत वेळोवेळी येते. ‘बाळाचा कान ठणकत होता, रात्रभर रडले, आणि डॉक्टरांनी पॅरासिटामॉल देऊन परत पाठविले.’ कष्टाचे पैसे मोडून आलेल्या कुटुंबाला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच त्यामागील वैद्यकीय भूमिका येथे मांडीत आहोत.

तान्ह्या मुलांत घसा व मधला कान यांना जोडणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती बुजली की मधल्या कानात द्रव साठतो, त्यात जंतू वाढतात व पडदा फुगून वेदना होतात. मात्र यांतील बहुसंख्य मुले आपोआप बरी होतात. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, प्रतिजैविक दिले वा न दिले, सुमारे ६० टक्के मुलांची वेदना २४ तासांत थांबते. दोन-तीन दिवसांनी एका मुलाची वेदना वाचविण्यासाठी सुमारे २० मुलांना प्रतिजैविक द्यावे लागते. उलट, औषध घेणाऱ्या दर १४ मुलांमागे एकाला जुलाब, उलटी किंवा पुरळ असा त्रास जास्तीचा होतो. अकारण दिलेल्या प्रत्येक बाटलीमुळे औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, हे नुकसान तर वेगळेच.

अशाच प्रकारच्या पुराव्याच्या आधारे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०१३ मध्ये ती सुधारली. सहा महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत थांबण्याची मुभा २००४ मध्येही नव्हती. सहा महिने ते दोन वर्षे या वयात दोन्ही कान बिघडले असतील, कान वाहत असेल, ताप १०२ अंशांवर असेल किंवा वेदना तीव्र असेल, तर प्रतिजैविक लगेच द्यावयाचे. एकच कान व सौम्य लक्षणे असतील तरच, पालकांच्या संमतीने, ४८ ते ७२ तास वाट पाहावयाची. पडदा नुसता लाल दिसणे पुरेसे नाही, तो फुगलेला असला पाहिजे, हा २०१३ चा आग्रह आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. कारण रडून रडून कोणत्याही बाळाचा पडदा लाल होतो.

केवळ तत्त्वे छापल्याने सवयी बदलतात का? अमेरिकेतील पाहणीत २००४ नंतर प्रतिजैविकाविना उपचारांचे प्रमाण ११ वरून जेमतेम १६ टक्क्यांवर गेले. वेदनाशामक मात्र १४ ऐवजी २४ टक्के मुलांना मिळू लागले, हा लाभ लहान नव्हे. याहून बोधप्रद प्रयोग न्यू हेवन येथील रुग्णालयाचा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. तेथे पालकांना चिठ्ठी दिली, पण ‘दोन दिवसांत उतार न पडल्यासच औषध आणा’ असे सांगितले. त्यांपैकी ६२ टक्क्यांनी औषध आणलेच नाही. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १३ टक्के होते.

परंतु ही सारी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: तिसऱ्या दिवशी बाळ पुन्हा तपासले जाऊ शकते. लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील आडगावच्या आईला, त्यातही धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दुसरी खेप म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी व बसभाडे. कानाचा पडदा पाहण्याचे साधन गावपातळीवर नसते, हे ओळखूनच आपल्या देशातील एकात्मिक बालआजार व्यवस्थापन कार्यक्रमाने वेगळा नियम केला आहे. कान दुखत असेल किंवा १४ दिवसांहून कमी काळ वाहत असेल तर पाच दिवस प्रतिजैविक. त्याहून जुने वाहणे असेल तर तोंडावाटे औषध नको, स्वच्छ सुती कापडाच्या वातीने कान कोरडा ठेवणे. कानामागे दुखरी सूज असेल तर तातडीने रुग्णालयात पाठविणे. परदेशी सूत्र जसेच्या तसे येथे लागू करणे आम्हांस म्हणूनच योग्य वाटत नाही. परत येणे शक्य नसलेल्या कुटुंबाला ‘थांबा’ असे सांगताना हाती चिठ्ठी आणि दोन दिवसांनी विचारपूस करणारी आशा कार्यकर्ती किंवा दूरध्वनी, ही व्यवस्था हवी. देणगीचा काही अंश या दूरध्वनीवर का खर्च व्हावा, याचे उत्तर एवढेच आहे.

घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. लसूण घालून कढविलेले तेल कानात ओतू नये. पडदा फाटला असेल तर ते आत उतरते. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये, घरात विडी ओढू नये. न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये देशभरात मोफत लसीकरणात आली असून दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने अशा तिच्या तीन मात्रा चुकवू नयेत.

आणि मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नये. पाण्यात कालविलेले अमॉक्सिसिलीनचे औषध सामान्यतः आठवडाभरच टिकते. सेफिक्झिमसारखी औषधे तर १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत व विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते.