टायर आतूनच का खातो?

गाडी लो केली की टायर आतून खाणारच, असं गॅरेजमध्ये कुणीही सांगेल आणि दोष कॅम्बरला देईल. माझ्या मते कॅम्बरला हकनाक बोल लागतो. टायरचं खरं नुकसान बहुतेक वेळा टो करतो, आणि त्याचं मूळ मॅकफर्सन स्ट्रट या सस्पेन्शनच्या रचनेत आहे.

अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरचा हा स्ट्रट १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफरमध्ये आला. आपल्याकडे मारुती ८००मुळे तो घरोघरी पोचला. या स्ट्रटने सस्पेन्शनचा वरचा आर्म काढून टाकला. शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग आणि चाक वळायचा खांब, सगळं एकच. जागा कमी, खर्च कमी. फारच हुशार रचना आहे ही!

स्प्रिंग आखूड केली की बॉडी खाली येते, तिरपा असलेला लोअर आर्म आडवा होऊ लागतो आणि चाकाचा माथा आत झुकतो. हा कॅम्बर. पण स्टिअरिंगचा टाय रॉडसुद्धा आर्मपेक्षा वेगळ्या कमानीत फिरतो. या दोन कमानी कंपनीने ठरवलेल्या उंचीलाच नीट जुळतात. उंची बदलली की टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो, आणि अनेक गाड्यांत चाकांची तोंडं बाहेर वळतात. हा टो. चाक पाव अंश जरी वाकडं राहिलं, तरी किलोमीटरमागे टायर चार मीटरांहून जास्त आडवा ओढला जातो. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर आलेलाच असतो. मग तीच कड झिजते.

टायरवर आडवा हात फिरवून बघा. एका बाजूने गुळगुळीत लागतं, परतताना नक्षीच्या कडा बोटांना टोचतात. ही टोची खूण. नुसत्या कॅम्बरने आतली कड सपाट झिजते, टोचत नाही.

टो टाय रॉडवर सेट होतो, म्हणून स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट हवीच. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा एकदा करावी. कॅम्बर सेट करायची बऱ्याच गाड्यांत कंपनीची सोयच नसते. तिथे कॅम्बर बोल्ट बसवावा लागतो. आणि आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना कधीही आवळू देऊ नका. गाडी जमिनीवर उतरली की रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग आर्म ढिला पडतो आणि नुकताच सेट केलेला टो पुन्हा हलतो.