चेहऱ्यावरील भाव आणि मेंदूचे वाचन

‘चेहरा हा मनाचा आरसा’ असे आपण सहज म्हणतो. मराठीत चेहरा पडतो, खुलतो, कपाळाला आठ्या चढतात, नाक मुरडले जाते. उर्दूत चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याच्या विद्येला ‘कियाफाशनासी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. शिक्षकाचा तर या विद्येवर रोजचा व्यवहार चालतो. कोणाला समजले, कोण कंटाळले, कोण काही लपवीत आहे, याचा अंदाज आपण चेहरे पाहून बांधतो आणि त्यावरून कधी शाबासकी देतो, तर कधी बोलही लावतो. म्हणूनच हा अंदाज मेंदू कसा बांधतो आणि त्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

मेंदूतील कामाची वाटणी

डोळ्यांनी टिपलेली माहिती प्रथम मेंदूच्या मागील भागात पोहोचते आणि पुढे निरनिराळ्या भागांत वाटली जाते. मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावरील ‘फ्युजिफॉर्म’ या भागातील एक पट्टा इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना अधिक प्रतिसाद देतो, असे नॅन्सी कॅनविशर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. हा चेहरा कोणाचा, हे ओळखण्यात त्याचा मोठा वाटा आहे. नजर, ओठ, भुवया यांच्या बदलत्या हालचाली टिपण्याचे काम मुख्यतः कानाच्या वरच्या बाजूच्या एका लांबट घळीतील पेशी करतात. समोर चेहरा आहे, याची नोंद मेंदूत सुमारे १७० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात होते.

याशिवाय ‘अमिग्डाला’ नावाचा बदामाच्या आकाराचा एक भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतो. १९९४ मध्ये राल्फ अॅडॉल्फ्स व सहकाऱ्यांनी एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्मीळ आजारामुळे तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले होते. माणसे तिला चेहऱ्यावरून ओळखता येत, परंतु चेहऱ्यावरील भीती मात्र ओळखता येत नसे. त्यामुळे अमिग्डाला म्हणजे भीती ओळखणारे केंद्र, असा समज रूढ झाला. २००५ मध्ये याच स्त्रीविषयी आणखी एक गोष्ट उघड झाली. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून पाहतच नव्हती. ‘डोळ्यांकडे पाहा’ असे सांगताच तिला भीती ओळखता आली, आणि सूचना थांबताच ती अडचण पुन्हा उद्भवली. यावरून असे दिसते की, भाव ओळखणे म्हणजे आरशातील प्रतिबिंब नुसते पाहणे नव्हे. कोठे पाहायचे, हे मेंदू आधी ठरवतो आणि मग अर्थ लावतो.

भाव सर्वत्र सारखेच असतात काय?

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या ग्रंथात मुद्राभाव मानवजातीत बहुतांशी समान असल्याचे मत मांडले. पुढे पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांना छोट्या गोष्टी सांगून, गोष्टीला साजेसे छायाचित्र निवडण्यास सांगितले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेक भाव त्यांनी अपेक्षेप्रमाणे ओळखले. भय आणि आश्चर्य यांत मात्र फरक करणे त्यांना जमले नाही. आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस व आश्चर्य हे सहा मूलभूत भाव पाठ्यपुस्तकांत स्थिरावले, ते मुख्यतः अशा प्रयोगांमुळे.

परंतु मोजकी छायाचित्रे समोर ठेवून निवड करावयास लावणे आणि प्रत्यक्ष जीवनातील चेहरा वाचणे, यांत अंतर आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोब्रियांड बेटांवरील किशोरांनी, पाश्चात्त्य लोक ‘भय’ म्हणतात तीच मुद्रा धमकावणारी मानली. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासह पाच संशोधकांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. राग आलेला असताना माणसे कपाळाला आठ्या घालतात, हे सरासरी ३० टक्के प्रसंगीच आढळते, असे त्यांना दिसले. उलट लक्ष एकवटलेल्या किंवा पोटात दुखत असलेल्या माणसाच्या कपाळावरही आठ्या दिसतात.

संदर्भ, शब्द आणि अनुभव

मग मेंदू अर्थ कशाच्या आधारे लावतो? पहिला आधार प्रसंगाचा. २०१२ मध्ये हिलेल अॅव्हिएझर व सहकाऱ्यांनी गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या टेनिसपटूंची छायाचित्रे लोकांना दाखविली. नुसत्या चेहऱ्यावरून आनंद की निराशा, हे पाहणाऱ्यांना सांगता आले नाही. शरीराची ठेवण दिसताच ते ओळखू लागले. साहित्याच्या अध्यापकांना हे अपरिचित वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात रसनिष्पत्तीसाठी एकटा अनुभाव पुरत नाही. त्याच्या जोडीला विभाव, म्हणजे कारण आणि प्रसंग, तसेच व्यभिचारी भावही लागतात.

दुसरा आधार शब्दाचा. २००६ च्या एका प्रयोगात ‘राग’ यासारखा भाववाचक शब्द तीस वेळा उच्चारावयास लावला. पुनरुक्तीने शब्दाचा अर्थ क्षणभर बोथट होताच, दोन चेहऱ्यांवरील भाव एकच आहे काय, हे ठरविताना लोकांच्या चुका वाढल्या.

तिसरा आधार पूर्वानुभवाचा. शारीरिक मारहाण सोसलेली मुले इतर मुलांपेक्षा अपुऱ्या खुणांवरूनही चेहऱ्यावरील राग ओळखतात, असे सेथ पोलाक यांच्या २००२ च्या अभ्यासांत आढळले. धोका लवकर ओळखणे ही त्या मुलांची गरजच झालेली असते.

शिक्षकांसाठी तात्पर्य

या विवेचनाचा वर्गाशी थेट संबंध आहे. रागावले असता एखादा विद्यार्थी हसतो. ते हसू उर्मटपणाचे असू शकते, तसेच घाबरल्याचेही. अनेक घरांत मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा अदब समजला जातो. तीच खाली गेलेली नजर शिक्षकाला अपराधाची कबुली वाटू शकते. याउलट, विचारात गढलेल्या शिक्षकाच्या कपाळावरील आठी मार खाल्लेल्या मुलाला राग वाटते आणि ते तोंडातून शब्दही काढीत नाही.

विद्यार्थ्यांचे चेहरे टिपून त्यांचे भाव सांगण्याचा दावा करणारी संगणक प्रणालीही आता उपलब्ध आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत व कामाच्या ठिकाणी असा वापर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, निषिद्ध ठरविला आणि ही बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. त्यामागील एक कारण म्हणजे या दाव्याचा शास्त्रीय पाया भक्कम नाही.

यंत्राला जी मर्यादा आहे, ती आपल्यालाही आहे. मात्र यंत्राजवळ नसलेली एक सोय आपल्याजवळ आहे. आपण विद्यार्थ्याला जवळ बोलावून विचारू शकतो. चेहऱ्यावरून अंदाज बांधणे टळणार नाही, कारण मेंदू ते आपल्याला न विचारताच करतो. तो अंदाज निकाल म्हणून वहीत उतरविण्यापूर्वी ‘काय झाले?’ एवढे दोन शब्द विचारणे आपल्या हाती आहे.