रक्तविलयन, सूक्ष्मजंतुजन्य
सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेल्या पदार्थांमुळे रक्तातील तांबड्या कोशिका फुटून त्यांतील रक्तारुण (हीमोग्लोबिन) बाहेर पडण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. ती पाहण्यासाठी आगरयुक्त पोषक माध्यमात सु. ५% मेंढीचे रक्त मिसळून त्यावर तपासावयाचा नमुना पसरतात व ते ३७° से. तापमानात १८ ते २४ तास ठेवतात.

प्रकार : मालागोलाणूंच्या वसाहतींभोवती दिसणाऱ्या बदलांवरून जे. एच. ब्राउन यांनी १९१९ मध्ये तीन प्रकार मानले. आल्फा प्रकारात वसाहतीभोवती हिरवट छटा येते. जंतूंपासून निघणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडाने रक्तारुणाचे ऑक्सिडीभवन होणे, हे तिचे प्रमुख कारण होय. बीटा प्रकारात कोशिका पूर्णपणे फुटून स्वच्छ, पारदर्शक वलय पडते. गॅमा प्रकारात काहीच बदल आढळत नाही.

क्रिया : स्ट्रेप्टोलायसीन-ओ हे मालागोलाणूंचे प्रथिन कोशिकेच्या पटलातील कोलेस्टेरॉलास चिकटून तेथे छिद्रे पाडते. त्यांतून पाणी आत शिरते आणि कोशिका फुगून फुटते. वायुकोथाच्या जंतूचे आल्फा विष मात्र एंझाइम असून ते पटलातील लेसिथिनाचे विघटन करते.

महत्त्व : घशातील नमुन्यात बीटा प्रकारचे वलय दिसल्यास स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीझ या जंतूचा संशय येतो. त्याच्या संसर्गावर वेळीच उपचार न झाल्यास संधिवाताभ ज्वर होऊन हृदयाच्या झडपा निकामी होण्याचा संभव असतो. तथापि इतर जंतूही असे वलय निर्माण करीत असल्याने पुढील परीक्षा आवश्यक असतात.

रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यात, जेथे समुद्री मासे नित्याच्या आहारात असतात, तेथे या क्रियेचा आणखी एक उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा जंतू उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यालगतच्या पाण्यात सर्रास आढळतो. जपानमध्ये १९५० साली अन्नविषबाधेच्या एका साथीतून त्याचा शोध लागला. रुग्णांपासून मिळालेले त्याचे बहुतेक वाण मानवी रक्त व जास्त मीठ असलेल्या वागात्सुमा माध्यमावर रक्तविलयन करतात. समुद्रातून मिळालेले बहुतेक वाण करीत नाहीत. यास ‘कानागावा आविष्कार’ म्हणतात. म्हणजे माशात हा जंतू सापडला एवढ्यावरून तो मासा रोगकारक ठरत नाही. उलट, वलय न उमटविणारे काही वाणही रोग उत्पन्न करतात, म्हणून आता विषनिर्मितीस कारणीभूत जनुकांचीही तपासणी करतात. मासे पुरेसे शिजविल्यास हा जंतू मरतो.